मोफत खाट : मुलांची धर्मादाय रुग्णालये आणि आपले कर्तव्य

(नोव्हाय, मिशिगन येथे जमलेल्या मराठी कुटुंबांपुढे एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मायदेशी आपल्या प्रार्थनालयाचा वर्धापनदिन साजरा होत आहे आणि त्या निमित्ताने आपण सर्व जण इथे नोव्हायला एकत्र जमलो आहोत. या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत असा मंडळींनी आग्रह केला, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही काही वक्त्या नव्हे. नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि पुढचे आयुष्य वॉर्डात काढले. त्यामुळे जे बोलू ते वॉर्डातलेच असेल. आणि 'आम्ही' म्हणतो ते आमच्याबरोबर रात्रपाळ्या केलेल्या सर्व सिस्टरांच्या वतीने म्हणतो, असे समजावे.

आजचा विषय आहे लहान मुलांवर तज्ज्ञांकडून मोफत उपचार करणारी धर्मादाय रुग्णालये. हा विषय घेण्याचे कारण असे की, इथल्या घरांतून बोलताना दोन वाक्ये नेहमी कानांवर येतात. एक, "फुकट म्हटल्यावर तिथे नीट कोण बघणार?" आणि दुसरे, "आपण चांगल्या घरातले, कोणापुढे हात कसा पसरायचा?" हीच दोन वाक्ये आम्ही तिकडे मुंबईच्या वॉर्डातही ऐकत होतो. त्यांच्यापायी सहा-सहा महिने उशिरा आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. मूल वाढत असते आणि त्याबरोबर त्याचे दुखणेही वाढत असते. लाजेपोटी गेलेले दिवस कोणताही सर्जन परत आणून देत नाही.

आम्हांला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे. मोफत खाट कधीच फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी आधीच भरलेले असतात. तेव्हा ज्याला गरज आहे त्याने ती वेळेवर आणि ताठ मानेने मागावी. आणि ज्याला शक्य आहे त्याने पुढच्या मुलासाठी आपला वाटा भरत राहावे.

प्रथम या राज्यातलीच एक हकिकत सांगतो. नोव्हायहून पश्चिमेला मोटारीने दोन तासांवर ग्रँड रॅपिड्स हे शहर आहे. १८९१ साली तिथल्या काही स्त्रियांनी काळ्या मखमलीची एक थैली शिवली आणि ती लोकांमध्ये फिरवली. प्रत्येकाला त्या एकच विचारायच्या : तुमचे नाव मेरी आहे का, किंवा मेरी नावाची कोणी तुमच्या ओळखीची आहे का? असेल तर तिच्या नावाने दहा सेंट टाका. मेरी हे त्या काळी घरोघरी असलेले नाव. आपल्याकडे मिर्यम असते, तसेच. अशा रीतीने दहा-दहा सेंट जमवून त्यांनी गावच्या रुग्णालयात एक खाट मोफत ठेवली. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने त्या खाटेवर यावे. पुढे त्या कामातून अपंग मुलांच्या उपचारांचे केंद्र उभे राहिले आणि आज तिथे पुनर्वसनाचे मोठे रुग्णालय आहे. त्याचे नाव अजूनही 'मेरी फ्री बेड' असेच आहे. आपल्या रांबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, अशा दानाला त्याने फार वरची पायरी दिली आहे. त्या मखमली थैलीत नेमके हेच घडले.

आपल्या शेजारच्या डेट्रॉइटचेही तसेच. तिथले मुलांचे रुग्णालय १८८६ पासूनचे. त्याचे जुने नावच 'चिल्ड्रन्स फ्री हॉस्पिटल' होते. हायरम वॉकर या दारूच्या कारखानदाराने आपल्या निवर्तलेल्या मुलीच्या स्मरणार्थ त्याला इमारत बांधून दिली. ती १८९६ साली उभी राहिली. पुढे हेन्री फोर्डचे सुरुवातीचे भागीदार जेम्स कझन्स, जे नंतर डेट्रॉइटचे महापौर आणि सिनेटर झाले, त्यांनी १९२९ साली मिशिगनच्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला. त्यांची अट मोठी विचार करायला लावणारी होती. व्याजच नव्हे, तर मुद्दलसुद्धा पंचवीस वर्षांत खर्च करून टाकायचे. त्याप्रमाणे १९५४ साली तो निधी संपला आणि बंद झाला. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की, आपल्या काळातल्या मुलांचे आपण बघावे, पुढच्या मुलांचे पुढच्या पिढीने बघावे.

आता श्रायनर्सविषयी. चार जुलैच्या मिरवणुकीत लाल गोंडेवाली टोपी घालून अगदी लहानशा मोटारी चालवणारे पोक्त गृहस्थ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मुलांना ती गंमत वाटते. परंतु त्या गमतीमागे फार मोठे काम आहे. ही फ्रीमेसन लोकांची एक बंधुसंस्था. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पोलिओने पांगळी झालेली मुले गावोगाव दिसत. पैसेवाल्यांच्या मुलांना हाडांचे डॉक्टर मिळत. बाकीची घरात बसून राहत. १९२० साली पोर्टलंड येथील अधिवेशनात फिलाडेल्फियाचे फ्रीलंड केन्ड्रिक यांनी असा ठराव मांडला की, प्रत्येक सभासदाने वर्षाला दोन डॉलर द्यावेत आणि त्यातून अपंग मुलांसाठी रुग्णालय चालवावे. ठराव मंजूर झाला. १९२२ साली लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे पहिले रुग्णालय सुरू झाले आणि नंतर एकामागून एक शहरांत ती निघाली.

पोलिओची लस आल्यावर हे काम संपले असे म्हणून त्यांनी दरवाजे बंद केले नाहीत. १९६० च्या दशकात त्यांनी भाजलेल्या मुलांसाठी खास रुग्णालये काढली. भाजलेल्या मुलाची शुश्रूषा किती कठीण असते ते आम्हां सिस्टरांना विचारा. जखम भरली म्हणजे काम झाले असे नसते. भरलेली कातडी आकसते, बोटे आत वळतात, मान छातीला चिकटते. मूल वाढते, पण तो व्रण वाढत नाही. म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पट्ट्या, पुन्हा व्यायाम, असे मोठे होईपर्यंत चालते. खाजगीत हा खर्च भल्याभल्यांना झेपत नाही. आज श्रायनर्सकडे हाडे व सांधे, भाजणे, मणक्याची इजा आणि दुभंगलेले ओठ व टाळू, या प्रकारच्या मुलांवर उपचार होतात.

आपल्या मिशिगनमध्ये त्यांचे रुग्णालय नाही. जवळची दोन म्हणजे शिकागो, साधारण चार-पाच तासांवर, आणि ओहायोतील डेटन, तीन-साडेतीन तासांवर. भाजलेल्या मुलांचे रुग्णालय पूर्वी सिनसिनाटीला होते, ते २०२१ साली डेटनला हलवले. प्रवासाची अडचण असेल तर तिथले सभासद स्वतःच्या वेळात मूल आणि पालक यांना गाडीतून विनामूल्य नेतात-आणतात. साठी-सत्तरी उलटलेली ही माणसे पहाटे उठून परक्याचे मूल तीनशे मैलांवर घेऊन जातात, ही गोष्ट आम्हांला त्या मोठमोठ्या इमारतींपेक्षा मोठी वाटते.

तिथे दाखल होण्यासाठी काय लागते? मूल अठरा वर्षांखालील असावे, आजार त्यांच्या शाखांपैकी असावा आणि उपचाराने त्याला फायदा होण्यासारखा असावा. तुम्ही कोणत्या धर्माचे, कोणत्या देशाचे नागरिक, विमा आहे की नाही, यावर ते अडत नाही. २०११ पासून विमा असलेल्यांकडून ते विम्याचे पैसे घेऊ लागले आहेत, हे खरे. परंतु पैसे भरता येत नाहीत म्हणून मूल परत पाठवायचे नाही, हा नियम त्यांनी सोडलेला नाही.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याचे मूळ आपल्या डेट्रॉइटमध्ये आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. डॅनी थॉमस हा लेबानी आईबापांचा मुलगा, जन्म मिशिगनमधल्या डीअरफील्ड गावचा. डेट्रॉइटमध्ये नकला करून पोट भरत होता. घरी बाळंतपण जवळ आलेले आणि खिशात सात डॉलर. ते त्याने चर्चच्या दानपात्रात टाकले आणि नवस बोलला. पुढे नाव झाले, पैसा आला, तेव्हा तो नवस फेडण्यासाठी १९६२ साली त्याने हे रुग्णालय उघडले. त्या काळी मेम्फिसमध्ये काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसता येत नसे. पण या रुग्णालयात पहिल्या दिवसापासून दोन्ही मुले एकाच वॉर्डात. कॅन्सरच्या मुलाच्या पालकांना उपचारांचे, प्रवासाचे, राहण्याचे वा जेवणाचे बिल येत नाही. ते उघडले तेव्हा या देशात कॅन्सर झालेल्या पाच मुलांपैकी साधारण एक वाचत असे. आज पाचांपैकी चार वाचतात. त्यात या रुग्णालयाच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे, आणि ते संशोधन त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना खुले ठेवले आहे. "फुकट म्हटल्यावर नीट कोण बघणार" या वाक्याला यापेक्षा वेगळे उत्तर द्यायला नको.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे वैभव. तसे नाही. आपल्या मुंबईने हे काम इथल्या बरोबरीनेच केले आहे.

पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी कामा हॉस्पिटल उघडले ते १८८६ साली. म्हणजे डेट्रॉइटचे रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशा डॉ. जेरुशा झिराड लहान असताना त्यांच्या मोठ्या बहिणीवर याच कामामध्ये उपचार झाले. ते पाहून या मुलीने ठरवले की आपण डॉक्टर व्हायचे आणि हेच रुग्णालय सांभाळायचे. विलायतेस जाऊन १९१९ साली त्यांनी एम.डी. केले आणि १९२८ ते १९४७ इतकी वर्षे कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका धर्मादाय खाटेवर एक मुलगी बरी झाली आणि तिच्या धाकट्या बहिणीने पुढे हजारो बायका-मुलांचे कल्याण केले. दान कुठे जाऊन उगवते ते देणाऱ्यास कळत नाही, ते असे.

परळचे वाडिया हॉस्पिटल तर आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले असेल. सर नेस आणि सर कुसरो या वाडिया बंधूंनी आपल्या मातोश्री बाई जेरबाई यांच्या नावाने मुलांचे हे रुग्णालय १९२९ साली उभारले. शेजारीच वडिलांच्या नावाने १९२६ साली काढलेले बाळंतपणाचे रुग्णालय. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. गिरणीत राबणाऱ्या आईबापांच्या मुलांना मुलांचा डॉक्टर मिळावा, तोही घराजवळ, ही कल्पना त्या काळी आपल्या देशात नवी होती.

श्रायनर्ससारखेच पोलिओतून निघालेले काम मुंबईतही झाले, आणि ते एका आईने केले. श्रीमती फातमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांना दिसले की बाकीच्या मुलांना हे मिळण्याची सोयच नाही. त्यांनी १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली आणि पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरोग रुग्णालय झाले. स्वतःच्या मुलीपाशी न थांबता त्या पुढे गेल्या, म्हणून हे घडले.

आणि अलीकडचे उदाहरण तर आपल्या रायगड जिल्ह्यातले, खारघरचे. तिथे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. त्या रुग्णालयात बिल भरण्याची खिडकीच नाही. सुनील गावसकर यांनी २०२० साली आपल्या वाढदिवशी, भारतासाठी काढलेल्या शतकांच्या हिशेबाने पस्तीस मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. पेण-अलिबाग-रेवदंड्याकडच्या आपल्या नातेवाइकांना हे रुग्णालय किती जवळ आहे ते लक्षात घ्या आणि फोनवर त्यांना जरूर सांगा.

मंडळी, इतके चांगले सांगितल्यावर एक काळजीची गोष्टही सांगितली पाहिजे. इमारत दगडाची असते, पण मोफतपणा दगडाचा नसतो. तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. वाडिया हॉस्पिटलचे सरकारी आणि महापालिकेचे अनुदान थकले आणि जानेवारी २०२० मध्ये दरवाजे बंद होण्याची पाळी आली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा पैसे मोकळे झाले. डेट्रॉइटचे ते जुने 'फ्री हॉस्पिटल' शहरातल्या इतर रुग्णालयांबरोबर २०११ साली नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे गेले आणि २०१३ साली त्या कंपनीसह दुसऱ्या कंपनीकडे. तिथे चांगले उपचार होत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्या नावातच मोफत हा शब्द होता, ते बाजारात विकले जाऊ शकते, एवढे ध्यानात ठेवावे. दोन डॉलर देणारे आणि दहा सेंट टाकणारे हात थांबले की एखाद्या श्रीमंताची देणगी फार काळ पुरत नाही.

आता थोडे आमच्या धंद्यातले. आयांनी आणि विशेषतः इथे नातवंडे सांभाळायला आलेल्या आज्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

बाळ दूध पिताना धापा टाकते, कपाळाला घाम येतो, मध्येच पिणे सोडते, वजन धरत नाही किंवा ओठ निळसर दिसतात, तर "अशक्त आहे, होईल ठीक" असे म्हणू नये. हृदय तपासून घ्यावे.

जन्मतः पाऊल आत वळलेले असेल तर पहिल्या आठवड्यांतच दाखवावे. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टरांत बहुतेक पाऊल सरळ होते. नंतर टाचेजवळच्या शिरेवर लहानशी शस्त्रक्रिया लागू शकते. पण त्यापुढे रात्रीचे बूट चार वर्षांचे होईपर्यंत घालावे लागतात. मूल रडते म्हणून आज्या ते बूट काढून ठेवतात, आणि पाऊल परत वळते. आज्यांनो, हे तुम्हांला हात जोडून सांगणे आहे.

मालिश करताना मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत किंवा एक पाय नीट फाकत नाही असे दिसले तर खुबा तपासावा. सहा महिन्यांच्या आत कळले तर नुसत्या पट्ट्यांवर भागते. चालायला लागल्यावर कळले तर शस्त्रक्रिया आली.

गरम चहा किंवा भाताची पेज अंगावर सांडली तर साधे गार पाणी वीस मिनिटे ओतावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. जखम भरल्यावर बोट वा कोपर ताठ होऊ लागले तर थांबू नये. आमच्या वॉर्डात एक आई आठ महिन्यांनी मुलाला घेऊन आली होती. बोटे तळव्याला चिकटलेली. का थांबलात म्हणून विचारले, तर म्हणाली, "सिस्टर, फुकटात दाखवायची लाज वाटली." त्या मुलाचा हात सुधारला, पण पूर्ण उघडला नाही.

मदत मागायची कुठे? इथे मिशिगनमध्ये दीर्घ आजाराच्या मुलांसाठी राज्याची 'चिल्ड्रन्स स्पेशल हेल्थ केअर सर्व्हिसेस' ही योजना आहे. उत्पन्न जास्त आहे म्हणून तिथे कोणी अपात्र ठरत नाही. चांगली नोकरी आणि विमा असलेल्यांनीही चौकशी करावी. या देशातल्या प्रत्येक ना-नफा रुग्णालयाला आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावेच लागते. ते मागून घ्यावे, तिथल्या सोशल वर्करला भेटावे. बिल आल्यावर घाबरून गप्प बसू नये.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी सांगायचे तर, धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवल्याच पाहिजेत. ही तरतूद कायद्यात आहे आणि उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना २००६ पासून चालू आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवावे. तातडीच्या वेळी मात्र कागदांसाठी रुग्णाला अडवता येत नाही. ही पंचतारांकित दिसणारी रुग्णालये पाहून आपली माणसे फाटकातूनच परत फिरतात. त्यांनी आत जावे. ती खाट त्यांच्यासाठीच राखलेली आहे.

शेवटी एक विनंती. इथे आपण पन्नासएक कुटुंबे सणावाराला जमतो. परमेश्वराच्या कृपेने बहुतेकांचे बरे चालले आहे. घरात मूल झाले, बारसे झाले, परीक्षेत यश आले, की कोणत्याही एका मुलांच्या रुग्णालयासाठी थोडी रक्कम बाजूला काढावी. रक्कम मोठी नको, पण ती दरवर्षी जावी. तरुणांना वेळ असेल तर गाडी चालवता येते. एखाद्या मुलाला रुग्णालयात पोहोचवता येते, परभाषी आईला फॉर्म भरून देता येतो. आणि आपल्यापैकी कोणावर वेळ आली, तर त्याने शेजाऱ्यापासून लपवू नये. आम्ही सिस्टर मंडळी निवृत्त झालो असलो तरी अजून केसपेपर वाचता येतो. रात्री-अपरात्री बोलवा, आम्ही येऊ.

 आपली मुलेबाळे निरोगी राहोत आणि कोणत्याही मुलाची खाट पैशावाचून रिकामी न राहो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

शालोम.